एकतीस झाडं, तीस पाट्या

शुक्रवार, १२ फेब्रुवारी २०१०. शारजाहून खोर फक्कानकडे प्रयाण, दुपारी दोन.

गाडीत हजर: माझे मेहुणे अशोकराव (गाडी चालवायला), माझी धाकटी बहीण माधवी, त्यांची मुलगी रुचा (वय बारा) आणि मी. सामान: दोन गाद्या, चार चादरी, गॅसची छोटी शेगडी, पाण्याच्या बारा बाटल्या, मोजपट्टी, जाड मार्कर, दोन रेघी वह्या आणि गोडा मसाला. मसाला मी कोल्हापूरहून आणला होता. बाकी सगळं माधवीच्या अर्ध्या आवरलेल्या घरातून.

घर आवरण्याचं कारण सांगते. अशोकराव ज्या बांधकाम कंपनीत इंजिनीयर होते, ती मंदीत गुंडाळली गेली. महिनाअखेर तिघं पुण्याला परतणार होते. माधवीने मला आवराआवरीसाठी बोलावलं, ते प्रेमापोटी आणि "ताई, तू याद्या चांगल्या करतेस" म्हणून. मी कॉलेजात ग्रंथपाल आहे. दर वर्षी अठ्ठावीस हजार पुस्तकांची मोजणी करते आणि माझा नियम एकच: पुस्तक हातात घेतल्याशिवाय यादीवर खूण करायची नाही. हा नियम लक्षात ठेवा, कारण या प्रवासात तो मीच मोडला.

अशोकरावांचं शेवटचं काम खोर फक्कानजवळ होतं. डोंगराच्या पायथ्याशी त्यांच्या कंपनीने एका श्रीमंत मालकासाठी मोठं घर बांधलं होतं. मालक तरुणपणी विलायतेत शिकायला होते. तिथल्या एका जुन्या जमीनदाराच्या हवेलीला लागून चार उंच भिंतींच्या आतली बाग त्यांनी पाहिली होती. दोनशे वर्षांपूर्वीची, भाजीपाला आणि फळांसाठी केलेली. तशीच बाग त्यांना इथे हवी होती. तिचा जुना नकाशा त्यांनी मिळवला आणि अशोकरावांच्या हाती दिला. बाग झाली, घर नव्वद टक्के झालं आणि मालकांचा धंदा बसला. आता घर बँकेकडे चाललं होतं. रविवारी बँकेचा माणूस येणार, त्याच्या हातात घरातल्या प्रत्येक वस्तूची यादी द्यायची, सही घ्यायची, खलास.

रस्ता धैद, मसाफीवरून जातो. सपाट वाळवंट संपून अचानक तपकिरी, उघडेबोडके डोंगर सुरू होतात. आपल्या घाटात डोंगराला निदान गवत तरी असतं. इथे डोंगर म्हणजे नुसता फोडलेला दगड. मसाफीला रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गालिचे, कुंड्या आणि फळांची दुकानं आहेत. नाव शुक्रवारचा बाजार, भरतो सातही दिवस. तिथे माधवीने एका गालिच्याचा भाव विचारला.

"आपण देश सोडून चाललोय," अशोकराव म्हणाले.

"म्हणूनच. नाहीतर पंधरा वर्षं बघतच होते की."

"दोनशे दिरहॅम! म्हणजे अडीच हजार रुपये!"

"तुम्ही गाडीत बसा."

पाऊण तास गेला. गालिचा एकशेतीसला आला आणि पुढचे पन्नास किलोमीटर माझ्या मांडीवर राहिला. त्यामुळे आम्ही पोचलो तेव्हा सूर्य डोंगरामागे गेला होता आणि बाग त्या दिवशी पाहायची राहिली. उशिराचा दोष गालिच्याचा. पुढचा माझा.

फाटकाशी विष्णू उभा होता. विष्णू हा तिथला माळी आणि आता राखणदारही. गाव लांजा तालुक्यात, वय पंचावन्नच्या आसपास, घरात पिढ्यान्‌पिढ्या आंब्याची कलमं बांधण्याचं काम. बाकीचे सगळे कामगार दुबईकडे जबल अलीच्या कॅम्पात नाहीतर मायदेशी गेले, हा एकटा राहिला. त्याने आमच्यासाठी बांगड्याचं कालवण आणि तांदळाच्या भाकऱ्या केल्या होत्या. जेवताना त्याने मला विचारलं, "बाय, झाडं लिवनार ना यादीत?"

"सगळंच लिहिणार."

"तसं नाय. झाडं."

अशोकरावांनी मला समजावलं. यादीत जे असेल त्याची बँक देखभाल करणार. बाग जिवंत अशी नोंद झाली तर विहिरीवरचा पंप चालू राहील आणि माळीही राहील. नाहीतर वीज तोडणार, विष्णूचा व्हिसा रद्द, आणि मे महिन्यापर्यंत बागेत सरपण.

"नीट लिहीन," मी म्हणाले.

शनिवार, १३ फेब्रुवारी. घर.

सकाळी सहाला सुरुवात. बावीस खोल्या. मी आणि अशोकराव मोजत होतो, रुचा लिहीत होती, माधवी चहा पुरवत होती. दिवे, नळ, पडद्यांचे दांडे, दरवाज्यांच्या कड्या. एका न्हाणीघरात पांढऱ्या टाइल्सच्या चार पेट्या न लावलेल्या सापडल्या, त्याही लिहिल्या. रुचा दर अर्ध्या तासाने म्हणायची, "मावशी, धिस इज सो पॉइंटलेस," आणि पुढची ओळ सुबक अक्षरात लिहायची.

दुपारी जेवायला बंदराजवळ गेलो. समुद्राकाठी कंटेनरच्या राशी, लाल-निळ्या, आणि त्यांच्या अलीकडे लोक चटया टाकून मासे भाजत बसलेले. आपल्याकडे सहलीला डबा घरून नेतात, इथे अख्खं स्वयंपाकघर समुद्रावर आणतात. आम्ही सुरमई खाल्ली, इथला दाट, दुधाळ करक चहा घेतला आणि परतलो तेव्हा चार वाजले होते. अजून सात खोल्या बाकी.

बागेकडे मी एकदा गेले, पाच वाजता. भिंत चांगली दोन पुरुष उंच, भाजक्या विटांची. तिच्यात एक ठेंगणं हिरवं दार. दार उघडून पाहिलं. मधोमध पाण्याचा गोल हौद, वाफ्यांत मेथी, मुळा, वांगी, आणि समोरच्या भिंतीवर हिरवंगार. समाधान वाटलं. विष्णू हौदाशी नळी धुत होता.

"विष्णू, झाडांच्या पाट्या सगळ्या जागेवर आहेत ना?"

"हायत ना! दर शुक्कारी चिंचेनं घासतो. चाळीसच्या चाळीस."

मी दार ओढून घेतलं. वर अशोकरावांच्या टेबलावर तो जुना नकाशा होता, त्यात उन्हाच्या भिंतीवर चाळीस झाडं, प्रत्येकाचा क्रमांक आणि नाव. पाट्या चाळीस, नकाशात चाळीस. मी दहा मिनिटांत बाग उतरवून घेतली: पीच आठ, पेअर बारा, अ‍ॅप्रिकॉट सहा, असं. खाली रेघ मारली. एकूण चाळीस. आणि, खाली नळ मोजणाऱ्या अशोकरावांना न विचारताच, उरलेल्या खोल्यांकडे वळले.

रविवार, १४ फेब्रुवारी. बाग.

बँकेने नेमलेला माणूस नऊला आला. हमीदभाई, मूळचे कोळिकोडचे, हातात फाइल, खिशात तीन पेनं. मला आवडले. माझी यादी त्यांनी फाइलीत लावली आणि आधी बाहेरचं पाहू म्हणाले, ऊन चढायच्या आत. आम्ही सगळे हिरव्या दारातून आत गेलो. हमीदभाई आत जाऊन मागे वळले आणि दार ज्या भिंतीत होतं तिच्याकडे पाहत राहिले.

मीही वळले. भिंतीवर चाळीस पितळी पाट्या होत्या. घासून लख्ख, उन्हात डोळ्यांवर येणाऱ्या. पाट्यांच्या मध्ये एकही झाड नव्हतं. नुसती वीट.

"मॅडम," हमीदभाईंनी फाइल उघडली, "आप का लिस्ट बोलता है, सनी वॉल, फॉर्टी ट्रीज. ट्रीज किधर है?"

अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत मी कोणाला अशी यादी दिली नव्हती.

"गार्डन डेड है तो डेड लिखेगा," ते म्हणाले. रागाने नाही. "पंप बंद, गार्डनर का फाइल क्लोज. सिंपल."

"अरे साहेब, झाडं तिकडं!" विष्णू हौद ओलांडून पलीकडे धावलाच. "इधर देखो! इधर! सब जिंदा है!"

तेव्हा झालेली गोष्ट त्याच्या आणि अशोकरावांच्या तोंडून तुकड्यातुकड्यांनी कळली, ती सलग सांगते.

विलायतेत ऊन कमी. म्हणून तिथे फळझाडं उंच भिंतीला चिकटवून, फांद्या पंख्यासारख्या ताणून वाढवतात. दिवसभर ऊन खाणारी भिंत सगळ्यात मोलाची, कारण वीट तापते आणि सूर्य गेल्यावर झाडाला ऊब देते. काही भिंती आतून पोकळ ठेवून तळाशी शेकोटी पेटवत, धूर भिंतीतून फिरवत. मालकांनी हे सगळं जसंच्या तसं मागितलं.

"मी तीनदा विचारलं," अशोकराव म्हणाले. "सर, खोर फक्कानमध्ये भिंत तापवायला शेकोटी? ते म्हणाले, ड्रॉइंग म्हणजे ड्रॉइंग. आम्ही पोकळ्या ठेवल्या."

झाडं आली, उन्हाच्या भिंतीला लागली, पाट्या ठोकल्या. पहिल्याच मे महिन्यात भिंत तव्यासारखी झाली. झाडं पंधरा दिवसांत वाळली. अंजिराची तेवढी सहा धुगधुगी धरून होती. विष्णूने ती उपटून समोरच्या, सावलीच्या भिंतीला लावली. मग वादीतल्या, म्हणजे डोंगरातल्या कोरड्या ओढ्याकाठच्या, शेतांतून डाळिंबं, लिंबं, पेरू, तुती आणली आणि त्यांच्याही फांद्या तारेवर तशाच ताणल्या. या भिंतीतल्या शेकोटीच्या पोकळ्यांची तोंडं त्याने दोन्हीकडून उघडली, आता त्यांतून वारा वाहतो आणि वीट निवते.

"मालक शेवटी आलेवते ना," विष्णू म्हणाला, "तवा चप्पल काढून त्या भिंतीपाशी गेले. हात लावून बगितला. गार लागली. हसले."

"आणि पाट्या?" मी विचारलं.

"पाट्या पुसत जा, असं अशोकसायेबांनी सांगितलेलं. हलव, असं कोन बोललाच नाय."

"पण त्यावर नावं दुसऱ्याच झाडांची आहेत!"

"विंग्रजी हाय ना बाय. मला काय ठावं? मी झाडाकडं बगून झाड वळकतो."

तो झाडाकडे बघून ओळखत होता. मी पाटीवरून.

हमीदभाई सावलीच्या भिंतीपाशी गेले. तिथे खरोखर बघण्यासारखं होतं. डाळिंबाच्या फांद्या हाताच्या बोटांसारख्या पसरलेल्या, लिंबं लगडलेली, अंजिराला बारीक हिरवी फळं. त्यांनी एक पान चुरगाळून हुंगलं. मग घड्याळ पाहिलं.

"मैं अंदर का काम करता हूँ. चार बजे तक. उस के बाद लिस्ट नया, हर ट्री का नंबर, नाम, और ट्री पे प्लेट. मॅच होना चाहिए. मॅच नहीं, तो मेरा ऑफिस मानेगा नहीं."

सहा तास. मी कामं वाटली. अशोकराव: तार आणि पक्कड. माधवी: टाइल्स फडक्याने पुसून कोरड्या करणे. रुचा: मार्करने लिहिणे. विष्णू: झाडाचं नाव सांगणे. मी: झाडाच्या खोडाला हात लावून मोजणे. हो, प्रत्येक खोडाला.

न्हाणीघरातल्या पांढऱ्या टाइल्स कामी आल्या. (चार पेट्यांतली एक टाइल फुटली, यादीत तशी दुरुस्ती केली.) तार टाइलला धरेना, तेव्हा अशोकरावांनी झाडं ताणलेल्या तारांतच टाइल्स आडव्या खोचल्या. रुचा आता कंटाळत नव्हती.

"विष्णूकाका, व्हॉट्स तुती?"

"ती गो, बारीक काळी फळा, हात रंगतत."

"ओह, मलबेरी! यल्ला, नेक्स्ट!"

माधवी म्हणाली, "शाळा बुडवून बरी अक्षरं गिरवतेय."

"मम्मा, इट्स डेटा एन्ट्री."

तीनला तीस झाली: डाळिंब अकरा, लिंबू सात, अंजीर सहा, पेरू चार, तुती दोन. एकतिसावं झाड भिंतीच्या अगदी टोकाला होतं, बाकीच्यांपासून हातभर लांब. फांद्या ताणलेल्या, पण जरा मोकळ्या. शेंड्यांना फिकट पिवळा मोहोर. वास आला आणि मी थांबले.

"आंबा!"

"हा." विष्णू पहिल्यांदाच जरा लाजला. "आंबा असा भितीला लावीत नायत. मी लावला. पयलाच मोवर हाय."

"कुठला आंबा? रुचा, लिही. हापूस का?"

"लिवू नको," विष्णू म्हणाला.

रुचाचा मार्कर हवेत राहिला. विष्णूने सांगितलं: खुंट इथल्याच वादीतला, कोयीपासून वाढवलेला. वरची काडी पलीकडच्या शेतातली. तिथल्या गड्याने शपथेवर सांगितलं, हापूस आहे, रत्नागिरीचा. विष्णूने ती बांधली, जगवली, चार उन्हाळे ओल्या गोणपाटाने झाकली.

"मग हापूसच की," मी म्हणाले. माझं लक्ष घड्याळाकडे.

"तो म्हनतो. मी खाल्ला नाय. फळ चाखल्याबिगर कलमाला नाव दिनारा मी नाय, बाय. आमच्या बापानं कदी दिला नाय. घराचं नाव जाईल."

"विष्णू, अरे पाटी नसेल तर ते मोजणार नाहीत. एका झाडासाठी सगळं अडेल! नुसतं आंबा लिहू."

"आंबा म्हंजे काय नाव झाला? मानूस लिवाल काय पाटीवर?"

अशोकराव हळूच म्हणाले, "विष्णू, तुझ्या व्हिसाचा प्रश्न आहे."

"ठावं हाय सायेब." तो झाडाकडे बघत राहिला. "जाताना चव बगून जायची हाय, इतकाच. पन खोटं नाव नको."

मला आदल्या संध्याकाळचं माझं हिरवं दार आठवलं. आत न जाता ओढून घेतलेलं. मी रुचाच्या हातातून कोरी टाइल घेतली, झाडाच्या बुंध्याशी पालथी ठेवली आणि वहीत लिहिलं: ३१. आंबा. पाटी: बाकी.

चारला हमीदभाई आले. एकेका झाडापुढे उभे राहून त्यांनी पाटी वाचली, पेनाने खूण केली. शेवटी बोटांवर मोजलं.

"लिस्ट में थर्टी वन. प्लेट थर्टी. मॅडम?"

विष्णूने मोडक्या हिंदीत सगळं सांगितलं: खुंट, काडी, गड्याची शपथ, बापाचा नियम. हमीदभाईंनी चष्मा काढून मोहोर पाहिला.

"मेरा घर में भी है," ते म्हणाले. "बीस साल सब लोग एक नाम बोलता था. फिर एक आदमी आया, खाया, बोला, ये वो नहीं है. मेरा बाप दो दिन उस से बात नहीं किया." मग फाइलवर लिहिता लिहिता मोठ्याने वाचलं, "थर्टी वन. मँगो. व्हरायटी, टू बी कन्फर्म्ड."

खाली शेरा लिहिला: बाग जिवंत, पंप आणि माळी तीस जूनपर्यंत चालू, नंतर बँक ठरवील.

"उस के बाद?" मी विचारलं.

"इन्शाल्ला कोई बायर आएगा." त्यांनी सही केली आणि तिसरं पेन खिशात ठेवलं.

निघताना विष्णूने मेथीच्या सहा जुड्या आणि पिशवीभर लिंबं दिली. रुचाने आपला मार्कर त्याच्यापाशी ठेवला. गालिचा परतीच्या वाटेवर रुचाच्या मांडीवर होता. चाळीस पितळी पाट्या तशाच राहिल्या. त्या यादीत वेगळ्या लिहिल्या आहेत, नग चाळीस, स्थिती उत्तम.

कोल्हापूर, ९ मे.

माधवीची मंडळी पुण्यात रुळली आहेत. अशोकरावांना चाकणजवळ काम मिळालं, गालिचा दिवाणखान्यात आहे. त्या यादीची झेरॉक्स माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे.

विष्णू दर रविवारी मिस्ड कॉल देतो, मी उलट फोन करते. बराच मोहोर गळला. मार्चअखेरीस वाटाण्याएवढ्या बावीस कैऱ्या होत्या, आता सात आहेत. भिंत गार आहे, पंप चालू आहे, विकत घेणारं अजून कोणी आलेलं नाही. आज मी विचारलं, पिकायला कधी येतील?

"जूनच्या शेवटाला. चार दिवस हिकडं, चार दिवस तिकडं."

"तीस तारखेच्या आत?"

"झाडाला तारीख कोन सांगनार, बाय?" तो हसला. "टाइल उलटी करून ठेवलीय. मार्कर सुकू नये म्हनून फिरिजात ठेवलाय."

त्या यादीत झाडांच्या तीस ओळींपुढे खूण आहे. एकतिसावी मोकळी.